‘दोन्ही पदव्या कशाला?’ हे तुला विचारणारच

पत्र:

मॅडम, मी मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात इंटर्न आहे. गाव धाराशिव जिल्ह्यात, घरी सोयाबीनची शेती. एमबीबीएसनंतरच्या एकत्रित एमडी-पीएचडी कोर्ससाठी एका मोठ्या संस्थेतून मुलाखतीचा कॉल आलाय, पुढच्या महिन्यात आहे. दाखवायला माझ्याकडे एकच प्रोजेक्ट आहे, सेकंड इयरला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) एसटीएस या विद्यार्थ्यांसाठीच्या संशोधन योजनेत केलेला. आरोग्य केंद्रात साहलीच्या पद्धतीने, म्हणजे नळीतला रंग डोळ्याने जुळवून, मोजलेलं हिमोग्लोबिन आणि कॉलेजच्या सेल काउंटर मशीनवरचं हिमोग्लोबिन 120 बायकांमध्ये ताडून पाहिलं. कोरिलेशन चांगलं आलं, म्हणजे नवीन काही निघालं नाही. (संध्याकाळी ट्यूबलाइटखाली वाचलेले आकडे जरा वेगळे यायचे, पण ते रिपोर्टात लिहिलं नाही.) पेपर छापून आला नाही. शाळा मराठीत झाली, त्यामुळे इंग्रजी बोलताना अडखळते. घरचे म्हणतात, पीजी करून दवाखाना टाक, एवढी वर्षं कशाला घालवतेस. यूट्यूबवर अमेरिकेतल्या मुलामुलींच्या मुलाखती बघते आणि धीर सुटतो. मी जाऊ का? आणि गेले तर काय बोलू?

उत्तर:

जा. ‘जाऊ का’ हा प्रश्न आधी डोक्यातून काढून टाक. तुझ्या फॉर्मवर एकच प्रोजेक्ट आहे आणि पेपरचा रकाना रिकामा आहे, हे बघूनच त्यांनी तुला बोलावलंय. अशा निवडीच्या टेबलापलीकडे मी पुष्कळदा बसले आहे. पाच-सहा प्रोजेक्टांची यादी घेऊन यायचं आणि त्यातल्या एकाबद्दलही लागोपाठच्या तीन प्रश्नांना टिकायचं नाही, असे उमेदवार दर वर्षी येतात. एकच काम केलेली, पण ते तळापासून माहीत असलेली मुलगी समोर आली की पॅनेलवरची माणसं खुर्चीत पुढे सरकतात.

यूट्यूबचं आधी उरकून घेऊ. अमेरिकेतली एमडी ही तिथली पहिली वैद्यकीय पदवी असते, आपल्या एमबीबीएसच्या जागी. कॉलेजची चार वर्षं संपवून मुलं तिच्यासाठी अर्ज करतात. तिथले एमडी-पीएचडी कोर्स जुने आहेत. सरकारी मदतीची एमएसटीपी ही योजना 1964 पासून चालू आहे, दोन्ही पदव्या मिळून साधारण आठ वर्षं जातात, फी माफ असते आणि वर स्टायपेंड मिळतो. मुलाखतीही एक-दोन दिवस चालतात. एकामागून एक प्राध्यापक वेगवेगळे भेटतात, तिथले विद्यार्थी भेटतात. समोरच्या मुलाने अजून पेशंट हाताळलेला नसतो, म्हणून त्याला विचारतात, डॉक्टर व्हायचंय हे तुला कशावरून कळलं? त्यासाठीच ती मुलं डॉक्टरांच्या मागे फिरलेल्या तासांचे हिशेब देतात. तुला हे कुणी विचारणार नाही. तू लेबर रूममध्ये रात्री काढल्या आहेत, कॅज्युअल्टीत विषारी औषध प्यायलेला माणूस आला की नळी घातली आहे. तुझी उलटतपासणी दुसऱ्या बाजूने होईल: चांगली डॉक्टर होते आहेस, मग संशोधन कशाला? ते व्हिडिओ बंद कर. त्यातली उत्तरं पाठ केलीस तर ती तुझ्या तोंडी परकी वाटतील आणि पॅनेलला ते लगेच कळेल.

आता तुझ्या प्रोजेक्टकडे येते, कारण मुलाखतीचा निम्मा वेळ त्यावरच जाणार आहे.

‘कोरिलेशन चांगलं आलं, म्हणजे नवीन काही निघालं नाही’, असं तू लिहितेस. याच वाक्यावर तुला अडवतील. समज, साहलीच्या नळीत प्रत्येक बाईचं हिमोग्लोबिन सेल काउंटरपेक्षा बरोबर एक ग्रॅमने कमी दिसलं. कोरिलेशन किती येईल? पैकीच्या पैकी. आकडे एकमेकांबरोबर वरखाली होतात एवढंच कोरिलेशन सांगतं, ते एकसारखे आहेत की नाही हे सांगत नाही. दोन पद्धती ताडून बघताना हीच चूक सगळे करत होते, म्हणून ब्लँड आणि आल्टमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी 1986 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक साधी रीत मांडली. प्रत्येक बाईच्या दोन आकड्यांतला फरक काढायचा, दोन्हींची सरासरी काढायची, आणि सरासरी आडव्या अक्षावर, फरक उभ्या अक्षावर असे ठिपके मांडायचे. फरकांची सरासरी सांगते की एक पद्धत दुसरीपेक्षा नेहमीच किती कमी किंवा जास्त दाखवते. त्या सरासरीच्या वर-खाली 1.96 प्रमाण विचलन (फरक किती पसरले आहेत ते सांगणारा आकडा, एक्सेल काढून देतं) घेतलं की बहुतेक फरक कोणत्या पट्ट्यात पडतात ते दिसतं. तुझी एक्सेल शीट तुझ्याजवळ असेलच. आजच बस, अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि मग विचार कर, त्या पट्ट्याचा पेशंटला अर्थ काय? गरोदर नसलेल्या बाईसाठी अॅनिमियाची रेघ 12 ग्रॅमला आहे. पट्टा वर-खाली दीड ग्रॅमचा निघाला, तर 11.5 असलेली बाई आरोग्य केंद्रात ‘नॉर्मल’ म्हणून घरी जाऊ शकते आणि 12.5 वाली गोळ्या घेऊन जाऊ शकते. ‘नवीन काही निघालं नाही’ असं म्हणणाऱ्या तुझ्या प्रोजेक्टात हे एवढं पडलेलं आहे. रिपोर्ट देताना मी कोरिलेशन काढलं होतं, नंतर कळलं की प्रश्नाला ती रीत लागू नव्हती, म्हणून पुन्हा मांडून बघितलं आणि हे दिसलं, असं मुलाखतीत सरळ सांग. एवढं सांगू शकणारा उमेदवार मला माझ्या विभागात हवा असतो.

तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ मात्र तू कंसात टाकली आहेस. ट्यूबलाइटची. साहली तुला फर्स्ट इयरपासून पाठ आहे: नळीत खालच्या खुणेपर्यंत एन बाय टेन हायड्रोक्लोरिक आम्ल, पिपेटने 20 मायक्रोलिटर रक्त, दहा मिनिटं थांबायचं, मग थेंब थेंब डिस्टिल्ड वॉटर घालत काचेच्या काडीने ढवळायचं, शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत. सगळी मदार डोळ्यावर आणि उजेडावर. दिवसा खिडकीशी जुळलेला रंग संध्याकाळी दिव्याखाली जुळत नाही, हे तुला कुणी शिकवलेलं नव्हतं, तू बघितलंस. शोध असाच सुरू होतो. आकडा किती वेगळा यायचा? वरच्या बाजूला की खालच्या? दोघींनी एकच नळी वाचली तर? दहा मिनिटं न थांबता घाईने वाचलेल्या नळ्या संध्याकाळी जास्त असायच्या का, कारण तोवर घरी जायची वेळ झालेली असते? असे प्रश्न वहीत लिहून काढ.

एक गोष्ट मात्र नीट आठव. ते संध्याकाळचे आकडे तू हिशेबात धरले होतेस की गाळले होतेस? जे केलं असेल ते तसंच सांगायचं. गाळले असतील तर ‘गाळले, आणि रिपोर्टात ते लिहायला हवं होतं’ असं म्हण. सेकंड इयरच्या मुलीने केलेली ही गोष्ट पॅनेल समजून घेईल. पण आकडे गाळून वर ‘सगळे धरले’ असं सांगणारीला पुढची अनेक वर्षं प्रयोगशाळेत घेण्याचं धाडस कुणी करणार नाही, आणि करूही नये.

एसटीएस ही दोन महिन्यांची योजना आहे आणि 1979 पासून चालू आहे, त्यामुळे पॅनेलवरच्या लोकांना तिचा आवाका चांगला ठाऊक असतो. दोन महिन्यांत जग बदललं असं सांगू नकोस. ‘आम्ही केलं’, ‘आम्ही बघितलं’ असंही बोलू नकोस. मराठीत आपण नम्रपणे ‘आम्ही’ म्हणतो, पण तिथे त्यांना तुझा वाटा वेगळा काढून हवा असतो. प्रश्न गाईडने दिला असेल तर गाईडने दिला म्हण. रक्त तू काढलंस का, एथिक्स कमिटीचा फॉर्म कुणी भरला, बायकांना संमतीपत्र कसं समजावलंस, हेही विचारतील. शेवटच्या प्रश्नाला तुझ्याकडे खरं उत्तर असणार. सही कुठे करायची हे दाखवणं वेगळं आणि ‘हे रक्त तुमच्या उपचारासाठी नाही, आमच्या अभ्यासासाठी घेतोय, नाही दिलंत तरी तुमची औषधं थांबणार नाहीत’ हे त्या बाईला पटेपर्यंत सांगणं वेगळं. तू काय बोलली होतीस ते आठवून ठेव. आणि 120 च बायका का? दोन महिन्यांत तेवढ्याच मिळाल्या असतील तर तसं सांग, आणि आज करायचं झालं तर सॅम्पल साइज कसा काढशील तेही सांग. नंतर जुळवून आणलेलं सूत्र एका प्रश्नात उघडं पडतं.

आता मथळ्यातला प्रश्न. हा कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच. संशोधन करायचं तर नुसती पीएचडी कर, पेशंट बघायचे तर नुसती एमडी कर, दोन्ही कशाला? ‘मला दोन्हीची आवड आहे’ हे उत्तर सगळे देतात आणि ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. तुझ्याकडे एक असा प्रश्न हवा, जो पेशंट बघितल्याशिवाय सुचला नसता आणि प्रयोगशाळेत गेल्याशिवाय सुटणार नाही.

तो तुला शोधायला लांब जावं लागणार नाही. ओपीडीत ही बाई तू शंभरदा बघितली आहेस: “रगत कमी हाय म्हनून तीन महिने गोळ्या खाल्ल्या बाई, पन अंगात ताकदच येत न्हाई.” फाइलवर हिमोग्लोबिन तेवढंच. आपण काय करतो? पुन्हा गोळ्या लिहून देतो. आता या बाईपाशी थांब. पहिला प्रश्न, गोळ्या खरंच पोटात गेल्या का? मळमळतं, शौचाला काळं होतं, साफ होत नाही, म्हणून डबा फळीवर तसाच राहतो. हे कळायला तिच्याशी बोलता यावं लागतं. गेल्या असतील तर कमतरता लोहाचीच आहे का, बी ट्वेल्व्हची आहे, की थॅलेसेमियाचा वाहक असल्याने रक्त असं दिसतंय? आणि तेही नसेल तर? शरीरात कुठेतरी सूज, जंतुसंसर्ग धुमसत असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त बनवतं. ते आतड्याच्या पेशींवरची लोह बाहेर सोडणारी दारं, म्हणजे फेरोपोर्टिन, बंद करतं. मग गोळी खाल्ली तरी त्यातलं लोह रक्तात पोचत नाही. उसाच्या फडात सहा महिने राबणाऱ्या, चुलीच्या धुरात स्वयंपाक करणाऱ्या, अंगावर दुखणं काढणाऱ्या आपल्याकडच्या बायकांत यातलं कोणतं कारण किती, हे ओपीडीत बसून कळणार नाही आणि प्रयोगशाळेत नुसत्या पेशी वाढवूनही कळणार नाही. त्या बाईला तपासणारी आणि तिच्या रक्तातलं हेप्सिडिन मोजून त्या आकड्यावर शंका घेणारी एकच व्यक्ती असेल तर फरक पडतो. हे उदाहरण मी तुझ्या प्रोजेक्टवरून घेतलं. तुला दुसराच प्रश्न छळत असेल तर तो घे. पण छळणारा हवा.

इथे पॅनेलवरचा एखादा जाणकार तुला पेचात पकडेल आणि ते चांगलंच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. कोकणात आरोग्य केंद्रावर असताना विंचू चावलेली माणसं त्यांच्यासमोर दगावत होती. त्यांनी एकेका पेशंटच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि लाल विंचवाच्या विषाने हृदय आणि फुप्फुसं कशी निकामी होतात ते ओळखलं. रक्तदाबासाठी वापरात असलेलं प्राझोसिन हे औषध त्यावर वापरलं, 1986 मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि मृत्यूचं प्रमाण खूप खाली आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळं पीएचडीच्या कोर्सशिवाय. मग तुला पीएचडी कशाला? दुसऱ्या बाजूने विचारतील, कॅटलिन कारिको या जीवरसायनशास्त्रज्ञ आणि ड्रू वाइसमन हे डॉक्टर, दोघांनी एकत्र येऊन कोविडच्या एमआरएनए लशींचा पाया ठरलेलं काम केलं आणि 2023 चं नोबेल मिळवलं. म्हणजे डॉक्टरने शास्त्रज्ञ जोडीदार गाठला की झालं, एकाच माणसाने दोन्ही शिकायची गरज काय?

या प्रश्नांना तयार उत्तर नाही, पण प्रामाणिक उत्तर आहे. बावस्करांचं काम आपल्याला हे शिकवतं की निरीक्षण पेशंटच्या उशाशी होतं आणि त्याला पदवी लागत नाही. पण तुझा प्रश्न रेणूंच्या पातळीवर उतरणार असेल तर ती हत्यारं हातात असावी लागतात, आणि ती सवडीने, रविवारी शिकता येत नाहीत. वाइसमन यांचं म्हणशील तर त्यांनी स्वतः बोस्टन विद्यापीठातून एमडी आणि पीएचडी दोन्ही केलेलं आहे, 1987 मध्ये. कारिकोंशी त्यांचं जमलं त्यात याचा वाटा मोठा असणार असं मला वाटतं. हे तुला पटलं तरच म्हण. मोठी नावं भाषणात पेरायला म्हणून आणू नकोस. तुझ्या प्रश्नाला धरून आली तर येऊ देत.

इंग्रजीची काळजी मी समजू शकते, पण तिला लागते त्यापेक्षा जास्त जागा तू देते आहेस. दोन मिनिटांत आपलं काम सांगायची तयारी आधी मराठीत कर, आणि ते लॅबच्या टेक्निशियन दादांना किंवा वॉर्डातल्या सिस्टरना सांगून बघ. त्यांना ‘बरं, मग?’ असं विचारावंसं वाटलं तर सांगणं जमलं. मग तेच इंग्रजीत, आखूड वाक्यांत, हळू. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक. शब्द अडला तर थांब, दुसऱ्या सोप्या शब्दात सांग, किंवा एवढं वाक्य हिंदीत सांगू का म्हणून विचार. अडखळण्याचे गुण कुणी कापत नाही. न समजता वापरलेल्या भारदस्त शब्दाचे कापतात.

जे येत नाही त्याला ‘येत नाही’ म्हण, आणि लगेच पुढे सांग की ते शोधायचं झालं तर कुठून सुरुवात करशील. हेप्सिडिन कसं मोजतात हे विचारलं आणि येत नसेल, तर ‘माहीत नाही, पण एलायझासारखी एखादी चाचणी असेल असं वाटतं, आणि मी आधी हे बघेन की दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी तो आकडा बदलतो का’, असं उत्तर दे. तुझ्या ट्यूबलाइटमधूनच आलेलं उत्तर आहे ते.

घरच्यांचं. एमडीची 3 वर्षं आणि त्यापुढे पीएचडी, म्हणजे तुझ्या बॅचच्या मुली दवाखान्याची पाटी लावतील तेव्हा तू अजून शिकतच असशील. वडिलांना हे लपवू नकोस. स्टायपेंड किती, किती वर्षं, हे संस्थेच्या माहितीपत्रकातून काढ आणि कागदावर मांडून दाखव. शेतकरी माणसाला हिशेब मांडून सांगितलेला आवडतो आणि उशिरा येणाऱ्या पिकाची त्याला भीती नसते. त्यांचा होकार मुलाखतीआधीच मिळाला पाहिजे असं नाही, पण बोलणं मात्र झालेलं असू दे. मुलाखतीत लग्नाबद्दल विचारलं, तर खरं म्हणजे तो प्रश्न कुणी विचारायला नको, मुलांना कधी विचारत नाहीत. तरी आलाच तर ‘कोर्स पूर्ण करायचं मी ठरवलंय आणि घरी तसं सांगितलंय’ एवढ्यावर थांब. खुलासे देत बसू नकोस, रागावूही नकोस.

आणि बाँडचं विसरू नकोस. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालीस म्हणजे वर्षभराच्या शासकीय सेवेची अट आहेच. ती कोर्सआधी करायची की नंतर चालेल, हे कॉलेजच्या ऑफिसातून लेखी घे. तोंडी ‘होऊन जाईल’ यावर विसंबू नकोस. प्रवेश मिळून कागदासाठी अडकलेली मुलं मी बघितली आहेत.

शेवटी ते विचारतील, तुला काही विचारायचंय का? ‘नाही’ म्हणू नकोस. आधीच्या बॅचमधल्या किती जणांनी दोन्ही पदव्या पूर्ण केल्या आणि मध्येच कोण सोडून गेलं, हे विचार. पीएचडीच्या वर्षांत वॉर्डाशी संबंध राहतो की सुटतो, गाईड बदलायची वेळ आली किंवा गाईडच संस्था सोडून गेले तर काय होतं, हेही विचार. त्याच दिवशी तिथल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना कँटीनमध्ये गाठ आणि हेच प्रश्न त्यांनाही विचार. उत्तरं जुळली नाहीत तर त्यावर घरी येऊन विचार कर. तू त्यांच्या पसंतीला उतरायला चालली आहेस तशी ती जागाही तुझ्या पसंतीला उतरली पाहिजे, पुढची इतकी वर्षं तू तिथे काढणार आहेस.

फरकांचा आलेख काढलास की तो आणि मराठीत लिहिलेली तुझी दोन मिनिटं, दोन्ही या सदराच्या पत्त्यावर पाठव. मी वाचून, जिथे मी तुला अडवलं असतं तिथे खूण करून परत पाठवीन. साहलीच्या संध्याकाळच्या आकड्यांची वही अजून असेल तर तिच्या पानांचे फोटोही जोड.